वैमानिक घडविणाऱ्यांना वाली कोण?

२०२५ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देशातील विमानतळांवर जो हलकल्लोळ माजला, तो आमचे वाचक विसरले नसतील. ५ डिसेंबर ह्या एका दिवशी इंडिगो कंपनीची हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. सामानाच्या पेट्यांचे डोंगर उभे राहिले, वृद्ध माणसे विमानतळाच्या फरशीवर रात्र काढू लागली आणि तिकिटाचे पैसे मोजूनही आपण केव्हा पोहोचणार हे कोणालाच कोणी सांगेना. ह्या सगळ्या गोंधळाच्या मुळाशी एक साधी गोष्ट होती. वैमानिकाला आठवड्यातून सलग ३६ तासांऐवजी ४८ तास विश्रांती द्यावी आणि रात्रपाळीत त्याच्याकडून सहाऐवजी दोनच वेळा विमान उतरवून घ्यावे, असे नवे नियम १ नोव्हेंबरपासून पुरतेपणी लागू झाले होते. नियम येणार हे सर्वांना जवळजवळ दोन वर्षे ठाऊक होते. पण त्यासाठी लागणारी माणसे हाताशी ठेवण्याची तजवीज मात्र झालेली नव्हती. सरकारने ह्यावर उपाय केला तो असा की, त्या कंपनीला रात्रीच्या कामाच्या काही नियमांतून २०२६ च्या फेब्रुवारीपर्यंत सूट देऊन टाकली. औषध रोग्याला कडू लागले म्हणून वैद्याने औषधच थांबवावे, त्यातलाच हा प्रकार!

हे नियम सरकारला आपण होऊन सुचले असे कोणी समजू नये. वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, वर्षानुवर्षे तेथे तिष्ठत राहिल्या, तेव्हा कोठे ते अमलात आले. म्हणजे थकलेल्या माणसाच्या हाती आपला जीव सोपविण्याची पाळी प्रवाशावर येऊ नये, ह्याची काळजी त्याच्या वतीने वाहिली ती कामगार संघटनांनी. हे आम्ही मुद्दाम सांगत आहो. कारण गलेलठ्ठ पगार घेणाऱ्या वैमानिकांना संघटना हवी कशाला, असा प्रश्न आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गात मोठ्या शहाणपणाने विचारला जातो. तो विचारणाऱ्यांनी डिसेंबरातले ते दिवस आठवावेत.

परंतु आज पहिल्या पानावर ही जागा आम्ही अडविली आहे ती मोठ्या कंपन्यांतल्या वैमानिकांसाठी नव्हे. त्यांना संघटना आहेत, वकील आहेत आणि त्यांच्या तक्रारीला वर्तमानपत्रांत जागाही मिळते. आम्हांला बोलावयाचे आहे ते ह्या वैमानिकांना ज्यांनी प्रथम आकाशात नेले, त्यांच्या हाती सुकाणू दिले आणि एके दिवशी धीर करून त्यांना एकटे उडू दिले, त्या प्रशिक्षकांविषयी. आणि त्या प्रशिक्षकांपाशी शिकणाऱ्या, घरदार गहाण टाकून आलेल्या मुलामुलींविषयी. विमान वाहतुकीच्या भव्य इमारतीचा हा पाया आहे. कळसावर काय चालले आहे ते सगळा देश पाहतो. पायात कोणती माती भरली जात आहे इकडे कोणाचे लक्ष नाही.

महाराष्ट्राला तर ह्या विषयात उदासीन राहताच येणार नाही. भारतात हवाई शिक्षणाचा श्रीगणेशा ज्या थोड्या ठिकाणी झाला, त्यांत मुंबईचे जुहू हे एक होय. १९२८ साली मुंबईचा फ्लाइंग क्लब निघाला आणि पुढच्याच वर्षी, १० फेब्रुवारी १९२९ रोजी, जे. आर. डी. टाटा ह्यांना ह्या देशातला पहिला वैमानिक परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन ते ज्या जुहूच्या धावपट्टीवर उतरले, त्या प्रसंगाचे पोवाडे आपण आजही गातो. आज हे शिक्षण जुहूहून पुष्कळ लांब गेले आहे. बारामती, गोंदिया, शिरपूर, जळगाव अशा गावांच्या आकाशात लहान लहान विमाने दिवसभर घिरट्या घालीत असतात. शेतात काम करणाऱ्या माणसाला त्यांचे आता नवल वाटत नाही. पण त्या विमानात डाव्या बाजूला बसलेले पोर कोणाचे, आणि उजव्या बाजूला बसलेला माणूस महिन्याकाठी घरी काय नेतो, ह्याचा विचार खालच्या शेतकऱ्याने केला नाही तरी चालेल. तो वरच्या सरकारने करावयास हवा.

आमच्यातले एक संपादक एके काळी शाळामास्तर होते. त्यांचा एक जुना विद्यार्थी मध्यंतरी भेटीस आला. आज तो एका उड्डाणशाळेत प्रशिक्षक आहे. शाळेचे नाव आम्ही सांगत नाही. तो प्रश्न एका शाळेचा नाहीच. त्याने जे सांगितले ते ऐकून आम्हांला प्रथम विनोद वाटला आणि मग लाज वाटली. त्याला वेतन मिळते ते विमान हवेत असेल त्या तासांचे. सकाळी सहाला तो धावपट्टीवर हजर होतो. धुके आहे म्हणून दोन तास थांबतो. विद्यार्थ्याला फळ्यासमोर उभे करून आजचा पाठ समजावून देतो. विमानाचे इंधन, तेल, चाके, पंख डोळ्यांखालून घालतो. एक तास उडतो. उतरल्यावर काय चुकले ते अर्धा तास सांगतो, नोंदी लिहितो, सह्या करतो. अशा रीतीने दिवसाचे दहा तास गेल्यावर त्याच्या हिशेबात पडतात तीन किंवा चार. पावसाळ्यात ढग उतरले, विमान दुरुस्तीला गेले, सुट्या भागाची पेटी परदेशाहून आली नाही, की हिशेबात पूज्य. "सर, हवेत असतो तेव्हा मी नोकर, जमिनीवर असतो तेव्हा पाहुणा," असे तो म्हणाला. जेवणाची वेळ झाली होती, म्हणून आमचे सहकारी त्याला घरी घेऊन गेले. पण पुढे त्यांच्या घशाखाली घास उतरला नाही.

हा एकट्याचा अनुभव असता तर आम्ही तो दुर्दैव म्हणून सोडून दिला असता. पण हवेतल्या तासाला दाम आणि जमिनीवरच्या तासाला फक्त शाबासकी, ही चाल जगभरच्या उड्डाणशाळांत रूढ आहे. अमेरिकेत तर तिच्यावर एका कायद्याने नकळत शिक्कामोर्तब केले. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलो शहराजवळ कोल्गन एअर कंपनीचे विमान कोसळून ५० माणसे मेली. त्या विमानातील तरुण सहवैमानिक आदल्या रात्री देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत प्रवास करून कामावर आली होती. तिचे तुटपुंजे वेतन आणि अपुरी झोप ह्यांवर चौकशीत पुष्कळ चर्चा झाली. पुढल्या वर्षी अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा केला आणि प्रवासी विमानात सहवैमानिक होण्यासही साधारणपणे १,५०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव हवा असे ठरविले. हेतू चांगलाच होता. परंतु परवाना मिळाल्यावर हे उरलेले हजार-बाराशे तास मिळवायचे कोठे? तर शिकवून! म्हणजे कालचा विद्यार्थी आज गुरू झाला, आणि त्याला तासांची गरज एवढी की पैशाची गोष्ट काढण्याची सोय राहिली नाही. गरजवंताला अक्कल नसते ही आपली म्हण तेथेही खरी ठरली.

आपल्याकडे व्यावसायिक परवान्यास २०० तासांचे उड्डाण पुरते. तरी नोकरी न मिळालेल्या नव्या वैमानिकाची स्थिती निराळी नाही. २०२३ साली ह्या देशात १,६०० हून अधिक व्यावसायिक परवाने दिले गेले. हा त्या वेळेपर्यंतचा उच्चांक होता. त्या सर्वांनाच कंपन्यांनी बोलावून घेतले असे झाले नाही. ज्या मुलाच्या बापाने पन्नास लाखांच्या घरात रक्कम उभी केली आहे, ज्याच्या डोक्यावर बँकेचा हप्ता आहे आणि ज्याचे हात न उडल्याने गंजत चालले आहेत, त्याला कोणी म्हटले की, आमच्याकडे साहाय्यक प्रशिक्षक म्हणून ये, तर तो करारनामा वाचीत बसेल काय? तो सही करतो. त्या कागदावर तीन वर्षांचा बाँड असतो, मध्येच सोडल्यास लाखोंचा दंड असतो, आणि कोठे कोठे मूळ प्रमाणपत्रे संस्थेच्या कपाटात बंद होतात. कोठे त्याला नोकर म्हणण्याऐवजी 'सल्लागार' म्हणतात. ही पदवी ऐकायला भारदस्त. पण तिच्यामुळे भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा सारे सुंठीवाचून खोकला जावा तसे निघून जाते. ह्याला करार म्हणावयाचे असेल तर सावकाराच्या वहीवरील अंगठ्यालाही करारच म्हटले पाहिजे.

विद्यार्थ्याची दशा पाहू. शुल्काचा मोठा भाग आधी भरावा लागतो. मुदत सांगितली जाते वर्षा-दीड वर्षाची. पण विमाने थोडी, प्रशिक्षक त्याहून थोडे, आणि विद्यार्थी भरमसाट, अशा स्थितीत ती दोन-तीन वर्षांवर जाते. वसतिगृहाचा खर्च चालू राहतो, परीक्षांची वैधता संपत येते, वय वाढते. तक्रार करावी तर उद्याचे उड्डाण कोणाला द्यायचे हे ज्याच्या हातात, त्याच्याचविरुद्ध करावयाची! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आता कोणी म्हणेल की, धंदा आहे, त्यात असे चालायचेच. ज्याला परवडत नसेल त्याने जाऊ नये. पण हा धंदा साबण-तेलाचा नव्हे. येथे हलका माल तयार झाला तर तो शंभर-दोनशे माणसांना घेऊन आकाशात जातो. प्रशिक्षकाची सही ही ह्या सर्व व्यवस्थेतली सर्वांत मौल्यवान वस्तू आहे. हा मुलगा एकटा उडण्यास योग्य झाला, ह्याने अमुक तास उड्डाण केले, ह्याला वाऱ्याच्या आडव्या झोतात विमान उतरविता येते, हे सांगणारी ती सही आहे. ती सही करणाऱ्याचे पोट ज्याच्या हातात, त्याच्याच हातात सहीही जाते. २०११ साली गोव्यात एक प्रवासी विमान पुढल्या चाकावर आदळून उतरले; चौकशी करता करता वैमानिकाची परीक्षेची कागदपत्रेच बनावट निघाली. त्याच वर्षी राजस्थानातील सरकारी उड्डाणशाळेत न उडलेले तास लॉगबुकात भरल्याची प्रकरणे लाचलुचपत प्रतिबंधक खात्याने बाहेर काढली. वैमानिकांच्या बोलीत अशा तासांना 'पार्कर पेनचे तास' म्हणतात. विमान उडत नाही, लेखणी उडते. ज्या ज्या ठिकाणी असे घडते त्या त्या ठिकाणी कोणी तरी प्रशिक्षक 'नाही' म्हणू शकला नाही, एवढाच त्याचा अर्थ. नोकरीची शाश्वती नसलेल्या माणसाने 'नाही' म्हणावे अशी अपेक्षा करणे सोपे, म्हणणे कठीण.

आणि ह्या कामातला धोका काय कमी आहे? १८ मार्च २०२३ रोजी गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून निघालेले प्रशिक्षण विमान मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याच्या डोंगराळ भागात कोसळले. त्यात प्रशिक्षक आणि त्याची विद्यार्थिनी दोघेही मृत्यू पावली. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या १९ आणि २२ तारखेस बारामतीच्या परिसरात लागोपाठ दोन प्रशिक्षण विमाने पडली, तेव्हा महासंचालनालयाने त्या संस्थेचे शिक्षणच काही काळ बंद ठेवले. अशा अपघातांच्या बातम्या दोन दिवस छापून येतात. तिसऱ्या दिवशी सर्व शांत होते. त्या अपघातांची कारणे सांगण्याचा अधिकार तपास करणाऱ्यांचा. ती आम्ही सांगत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, जो माणूस रोज नवशिक्याच्या शेजारी बसून आपला जीव त्याच्या चुकीच्या टप्प्यात ठेवतो, त्याच्या झोपेची, वेतनाची आणि विम्याची चौकशी अपघाताच्या आधी झाली पाहिजे, नंतर नव्हे.

सरकारने काहीच केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने देशातील उड्डाणशाळांची पहिली क्रमवारी प्रसिद्ध केली. 'अ-अधिक' आणि 'अ' ह्या वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही! शाळामास्तरांच्या भाषेत सांगावयाचे तर वर्गात पहिला वर्ग कोणालाच मिळाला नाही. एवढा स्पष्ट निकाल लावल्याबद्दल महासंचालनालयाचे अभिनंदन केले पाहिजे. पण गुण दिले गेले ते कामगिरी, कामकाज, सुरक्षितता, नियमपालन आणि विद्यार्थ्यांस साहाय्य अशा पाच सदरांखाली. जो शिकवितो त्याला कोणत्या अटींवर राबविले जाते ह्यासाठी सहावे सदर नाही. शाळेची तपासणी करावी, इमारत, बाके, फळे, निकाल सारे पाहावे आणि मास्तराला पगार मिळतो की नाही हे विचारूच नये, अशी ही तपासणी झाली.

ह्या उपेक्षेचे मूळ कायद्यात आहे, आणि येथे आम्हांला आमच्या जुन्या व्यवसायाची आठवण होते. शिक्षक हा कामगार आहे काय, हा प्रश्न गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यातून सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. १९८८ साली न्यायालयाने निकाल दिला की, शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने कामगार नव्हे. विद्यादान हे त्या कायद्यात सांगितलेल्या प्रकारांपैकी काम नाही. पण त्याच निकालपत्रात न्यायमूर्तींनी हेही नमूद केले की, संस्थाचालक शिक्षकांची पिळवणूक कोणकोणत्या रीतींनी करतात ते आम्ही जाणतो, आणि म्हणून शिक्षकांसाठी निराळी यंत्रणा हवी. महाराष्ट्राने तशी यंत्रणा आधीच केली होती. १९७७ च्या खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या कायद्याने शिक्षकाला मन मानेल तेव्हा काढण्याची चालकांची मुभा संपली आणि दाद मागण्यास न्यायाधिकरण मिळाले. त्या कायद्याने सारे दुखणे गेले असे नाही. पगाराच्या पावतीवर एक आकडा आणि हातात दुसरा, हा चमत्कार त्यानंतरही अनेक शिक्षकांनी अनुभवला आहे. पण निदान दाद मागायला दार होते. उड्डाणप्रशिक्षकाला तेही नाही. कामगार म्हणून गेला तर त्याला सांगता येते की, बाबा रे, तू शिक्षक. आणि शिक्षक म्हणून गेला तर सांगता येते की, हा कायदा शाळांचा, तुझ्या धावपट्टीचा नव्हे.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राची औद्योगिक संबंध संहिता अमलात आली. तिने जुन्या तीन कायद्यांची जागा घेतली आहे. अनुचित कामगार प्रथांची एक सूचीच तिला जोडलेली आहे. संघटनेत गेला म्हणून कामावरून काढणे, कायमचे हक्क मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षे तात्पुरता ठेवणे ह्या गोष्टी तीत अनुचित म्हणून सांगितल्या आहेत. पण ही सूची कोणाच्या उपयोगाची? जो संहितेच्या व्याख्येप्रमाणे कामगार ठरेल त्याच्या. व्यवस्थापनाचे काम करणारा आणि देखरेखीचे काम करून महिना १८,००० रुपयांहून अधिक मिळविणारा तीतून वगळला आहे. प्रशिक्षक विद्यार्थ्यावर देखरेख करतो, म्हणून तो देखरेख्या, असा युक्तिवाद करणारे वकील ह्या देशात पुष्कळ आहेत. गंमत अशी की, ह्याच व्याख्येत श्रमिक पत्रकारांचा नाव घेऊन समावेश केलेला आहे. लेखणी चालविणाऱ्याला संसद नावाने कामगार म्हणू शकते, तर विमान चालवायला शिकविणाऱ्याचे नाव त्या ओळीत घालण्यास किती शाई लागेल?

माणसाचे नाव बदलून त्याचे हक्क काढून घेण्याची युक्ती नवी नाही. २०२३ च्या एप्रिलात एअर इंडियाने आपल्या वैमानिकांपुढे नवे सेवाकरार ठेवले, तेव्हा ज्येष्ठ वैमानिकांना व्यवस्थापनात घेऊन संघटनेपासून तोडण्याचा हा डाव आहे, असा आक्षेप तेथील दोन्ही जुन्या संघटनांनी घेतला होता. २००९ साली जेट एअरवेजमध्ये वैमानिकांनी संघटना नोंदविली आणि तिच्यातील दोघांना कंपनीने काढून टाकले. सप्टेंबरात शेकडो वैमानिकांनी एकदम आजारपणाची रजा घेतली, उड्डाणे ठप्प झाली, आणि मग काढलेल्यांना परत घ्यावे लागले. संघटना करण्याचा हक्क घटनेच्या एकोणिसाव्या कलमात आहे. पण तो मिळविण्यासाठी देशभरच्या प्रवाशांचे पाच दिवस हाल व्हावे लागले. बारामतीतल्या किंवा गोंदियातल्या दहा-वीस प्रशिक्षकांनी असे केले तर एकाही प्रवाशाचे विमान चुकणार नाही. म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहणारही नाही. हाच तर त्यांच्या दुबळेपणाचा मर्मभाग आहे.

येथे आम्हांला वैमानिक संघटनांनाही चार शब्द ऐकविले पाहिजेत. १९३१ साली अमेरिकेत वैमानिकांची पहिली मोठी संघटना निघाली, ती नोकरी जाईल ह्या धाकाने गुप्तपणे जमलेल्या मूठभर वैमानिकांनी काढली होती. तीनच वर्षांत, १९३४ साली, महिन्याला ८५ तासांहून अधिक उडावयाचे नाही, हे तत्त्व तिने तेथील कामगार मंडळाकडून मान्य करून घेतले. आज जगात वैमानिकाच्या थकव्याचा जो विचार होतो त्याची ती एक सुरुवात होय. आमच्या संघटनांनी ह्या वारशाचा नेहमीच मान राखला असे म्हणता येत नाही. २०१२ साली एअर इंडियातील एका संघटनेने ५८ दिवस संप केला. का? तर नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण दुसऱ्या संघटनेच्या वैमानिकांना मिळू नये म्हणून! शिक्षणाचा हक्क भाऊबंदकीत वाटून घेण्यासाठी ज्यांनी दोन महिने प्रवाशांना वेठीस धरले, त्यांना आपल्या पहिल्या गुरूची आठवण एकदाही होऊ नये, ही गोष्ट खेदाची आहे. ज्या दिवशी चार पट्ट्यांचा गणवेश खांद्यावर चढला, त्या दिवशी पूर्वीची धूळ झटकून टाकली, असे तर झाले नाही ना, हे प्रत्येक कप्तानाने स्वतःला विचारावे. प्रशिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना सभासदत्वाचे दार उघडे करणे हे संघटनांचे पहिले कर्तव्य आहे. कमजोर कडी तशीच ठेवून साखळी बळकट होत नाही.

संस्थाचालकांची बाजू ऐकल्याविना निकाल देणे न्यायाचे होणार नाही. विमाने परदेशी, सुटे भाग परदेशी, त्यांचे इंधन महाग. शिवाय एखाद्याला प्रशिक्षक म्हणून तयार करावे आणि सहा महिन्यांत मोठ्या कंपनीने त्याला उचलून न्यावे, हेही घडते. त्यांची ही तक्रार खोटी नाही. बाँड घेणे मुळातच बेकायदा, असेही नाही. एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या प्रकरणात २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षे नोकरी न केल्यास दोन लाख रुपये देण्याची अट वैध ठरविली आहे. पण त्या निकालाचा आधार घेणाऱ्यांनी त्यातली रक्कमही पाहावी आणि बँकेच्या त्या अधिकाऱ्याला महिन्याच्या महिन्याला पूर्ण वेतन मिळत होते हेही पाहावे. संस्थेने खर्च केला असेल तेवढा मागणे वेगळे. आणि माणूस पळून जाऊ नये म्हणून त्याच्या पायात बेडी अडकविणे वेगळे. चांगला प्रशिक्षक टिकत नाही ह्याला उपाय चांगले वेतन हा आहे. ज्या घरात पाहुण्याला जेवायला मिळत नाही त्या घराच्या दाराला कुलूप लावून पाहुणा राहत नसतो.

तर मग करावयाचे काय? आमच्या मते चार गोष्टी विनाविलंब केल्या पाहिजेत. पहिली, महासंचालनालयाने प्रशिक्षकांसाठी एक नमुना सेवाकरार ठरवून द्यावा आणि तो पाळणे ही उड्डाणशाळेच्या मान्यतेची अट करावी. त्यात मासिक किमान वेतन असावे आणि जमिनीवरच्या कामाचे तास हे कामाचेच तास धरावेत. वेतनासाठीही आणि विश्रांतीसाठीही. दुसरी, बाँडची रक्कम प्रत्यक्ष खर्चापुरतीच असावी, ती महिन्यागणिक घटत जावी, आणि कोणाचीही मूळ प्रमाणपत्रे व लॉगबुक अडकवून ठेवणे हा मान्यता गमावण्याजोगा अपराध ठरावा. तिसरी, विद्यार्थ्याचे शुल्क एकदम न घेता प्रत्यक्ष झालेल्या उड्डाणतासांशी बांधून हप्त्याहप्त्याने घ्यावे. संस्थेने मुदत चुकविली तर उरलेला पैसा परत मिळावा. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, औद्योगिक संबंध संहितेच्या व्याख्येत उड्डाणप्रशिक्षकाचा पत्रकाराप्रमाणेच नावाने समावेश करावा. त्यामुळे त्याला संघटना करता येईल, आणि सुरक्षिततेची तक्रार केल्याबद्दल किंवा खोटी सही नाकारल्याबद्दल त्याला काढले तर दाद मागता येईल. क्रमवारीच्या पाच सदरांत सहावे घालण्यास तर संसदेची परवानगीही लागत नाही. महासंचालकांची एक सही पुरते.

ह्यांपैकी एकाही गोष्टीला तिजोरीतून मोठी रक्कम काढावी लागणार नाही. शुल्क थोडे वाढेल, असे भय घातले जाईल. वाढले तरी ते उघड वाढेल आणि पालकाला आधी कळेल. आज तो जो भुर्दंड सोसतो तो लपलेला आहे, आणि त्याचा काही भाग त्याच्या मुलाच्या गुरूच्या पोटातून काढलेला आहे.

देशाला पुढील वर्षांत हजारो नवे वैमानिक हवे आहेत, अशी भाषणे आम्ही वारंवार ऐकतो. कंपन्यांनी शेकडो विमानांच्या मागण्या नोंदविल्याच्या बातम्या आम्हीही ठळक अक्षरांत छापल्या. विमाने पैसे मोजले की कारखान्यातून येतात. वैमानिक तसा येत नाही. तो एका माणसाच्या शेजारी बसून, त्याच्या आवाजातला धीर ऐकत, त्याच्या चुका दाखविण्याच्या रीतीतून घडत जातो. तो शेजारचा माणूस दोन रात्री झोपलेला नसेल, उद्याच्या घरभाड्याच्या विवंचनेत असेल आणि चालकाच्या भीतीने गप्प बसायला शिकला असेल, तर विद्यार्थी विमान चालवायला शिकेल तसाच गप्प बसायलाही शिकेल. पुढे कधी तरी रात्री, पावसात, आपण सर्व मागे डोळे मिटून बसलेले असता, त्या मुलाला 'आज हे विमान नेणार नाही' असे म्हणावे लागेल. ते शब्द त्याच्या तोंडून निघावेत अशी ज्यांची इच्छा असेल, त्यांनी आज त्याच्या गुरूला ते म्हणण्याचा हक्क दिला पाहिजे.